मोह वेचणाऱ्यांसाठी गिटार

चाचा,

मला गिटार वाजवायचं काम मिळालं आहे. हसू नका. पगार नाही, स्टेज नाही, माईक नाही. पहाटे उजाडता उजाडता मोहाच्या झाडांखाली जायचं आणि बायका फुलं वेचत असेपर्यंत वाजवत राहायचं. चांगलंच वाजवलं पाहिजे अशी अट नाही, फक्त थांबायचं नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "अबे, असं काम आमाले जनमभर नाई भेटलं, अना तुले बसल्या जागी भेटलं?" बसल्या जागी नाही भेटलं, चाचा. मध्ये बरंच काही झालं, तेच सांगायला बसलो आहे. दुपारची वेळ आहे. नागभीडकडच्या माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये कूलर घरघरतो आहे, बायको शाळेतून अजून यायची आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी बोलताना आता मला कसला संकोच वाटत नाही.

तुमच्या दुकानात येणारी पोरं काही कमी नव्हती, म्हणून आधी ओळख देतो. मी वडशाजवळच्या खेड्यातला, धानाच्या बांध्यांवरून सायकल काढत कॉलेजला येणारा. तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो पँट शिवायला. स्टेशनच्या रस्त्यावरचं तुमचं ते अरुंद दुकान, एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला दोरीवर लटकणारे अर्धवट शिवलेले सदरे, आणि त्या सदऱ्यांच्या रांगेतच खुंटीला टांगलेली गिटार, जणू तीही कुणी उंची कमी करायला टाकली असावी. तुम्ही माझी कंबर मोजत होता आणि मी गिटारकडे बघत होतो. टेप गळ्यात टाकत तुम्ही म्हणालात, "तिच्याकडं पाहून पाहून पोट आत घेऊन राह्यला तू. मंग पँट तंग झाली तर मले बोलू नको." पँट खरंच तंग झाली. ती सैल करायच्या निमित्ताने मी इतक्या वेळा आलो की चाचीने आतून विचारलं, याची पँट आहे का तंबू?

शिकवणी अशी कधी झालीच नाही. गिऱ्हाईक नसलं की तुम्ही गिटार मांडीवर घ्यायचात, गिऱ्हाईक आलं की ती माझ्या हातात देऊन कात्री उचलायचात. मी चाचपडत वाजवतो आहे, तुम्ही खडूने रेघ मारून कापड कापता आहात, आणि मान वर न करता सांगता आहात, "खालची तार उतरली." पडद्यामागे चाचीचं स्वयंपाकघर. हिवाळ्यात तिथून लाखोळीच्या डाळीचे वडे तळल्याचा वास आला की माझी बोटं चुकायची. चाची ताटली घेऊन यायची आणि तुम्ही दम द्यायचात की तेलकट हाताने तारेला शिवलास तर बाहीच्या जागी तुझा हात शिवून टाकीन. मी घाईघाईने हात पँटीला पुसायचो. पँट तुम्हीच शिवलेली असायची, मग तिच्यावरूनही बोलणी खायचो.

दिवाळी झाली की वडशाचं रूप पालटायचं. नाटक मंडळ्यांची ऑफिसं उघडायची, गावोगावचे लोक मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, नाटक ठरवायला गर्दी करायचे, आणि तुमच्या दुकानात साध्या सदऱ्यांची दोरी जाऊन तिथे मखमलीचे झगे लटकायचे. दिवसा तुम्ही राजाचा झगा शिवायचात आणि रात्री त्याच राजासमोर बसून गिटार वाजवायचात. दुसऱ्या हिवाळ्यात तुमचा जोडीदार आजारी पडला म्हणून तुम्ही मला सोबत घेतलंत. स्टेजच्या पुढे आपण सगळे वाजवणारे ओळीने बसलेलो, तोंड नटांकडे, पाठ गावाकडे. मला वाटत होतं की आता अख्खी झाडीपट्टी माझ्याकडेच बघते आहे. बघत होती ती माझी पाठ, हे लक्षात आलं नाही.

त्या नाटकात एक आई आपल्या गेलेल्या पोरासाठी रडते असा प्रवेश होता. मला तिथे हळू, एका तारेवर काहीतरी ठेवायचं होतं. मी ठेवलं ते चांगलं सहा तारांवरून घरंगळत आणलेलं, सिनेमात शोभावं असं. मागून शिट्ट्या आल्या. आईचं काम करणाऱ्या बाईंचं पुढचं वाक्य अडखळलं. मला शिट्ट्याच ऐकू आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आलो तर तुम्ही सुईत दोरा ओवत होता. दोरा ओवून झाल्यावर म्हणालात, "शिट्ट्या कोनाले पडल्या?" उत्तरही तुम्हीच दिलंत, "तुलेच पडल्या. बाई रडून राह्यली होती ना? मंग तू मधात काऊन बोलला? तिचं रडनं खाल्लं तू." मग समोरचा झगा उलटा करून माझ्यापुढे टाकलात. आत साधं, फिक्या रंगाचं अस्तर. "हे कोनी पाह्यते का? नाई पाहत. पन हे काढून टाक, अना मंग झगा घालून दाखव. अंगावर उभाच नाई राहनार. गिटार म्हनजे अस्तर हाये बेटा. अस्तर बाहेर दिसलं का शिलाई बिघडली समज." मी रडवेला झालो होतो. चाची म्हणाली, "बस करा, पोराचं तोंड पाहा." तुम्ही माझं तोंड पाहिलंत आणि चहा मागवलात. साखर जास्त टाकायला सांगितलीत.

त्या हंगामाच्या शेवटी तुम्ही मला गिटारचा पट्टा शिवून दिलात, राजाच्या झग्यातून उरलेल्या मरून मखमलीचा. दुकानात तो माझ्या खांद्यावर लावून बघितलात, लांबी जुळवलीत आणि म्हणालात, "आता तू अर्धा राजा." मी लगेच आतली बाजू उलटून बघितली. अस्तर होतं. तुम्ही हसलात ते मला अजून दिसतं, तोंडात टाचण्या धरलेल्या असल्यामुळे ओठ न उघडता हसलेलं.

तुम्ही गेलात ते पावसाळ्यात. मी जंगलखात्यात नुकता लागलो होतो, चंद्रपूरला ट्रेनिंगमध्ये होतो, कळलं तोवर सगळं उरकलं होतं. मी आलो तेव्हा चाचीने चहा केला आणि खुंटीवरची गिटार काढून माझ्यापुढे धरली. "त्याईनं कोनाचं नाव नाई घेतलं," ती म्हणाली, "पन दुसऱ्या कोनाले देऊ?" तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. धानोऱ्याला बदली झाली तेव्हा जीपमध्ये माझ्या गादीपेक्षा जास्त जपून तीच नेली. तिथल्या नाक्यावर संध्याकाळी आम्ही सगळे बसायचो, मी वाजवायचो, कुणी गोंडी गाणं म्हणायचं, आणि शब्द कळत नसले तरी मला साथ जमायची. तुमची शिकवण तिथे फार कामाला आली. लग्नानंतर बायको म्हणायची, तुमचा राग गेला की नाही ते गिटारवरून समजते, विचारावं लागत नाही. अशी बरीच वर्षं गेली, आणि मी समजत होतो की वाजवणं ही आता माझ्या अंगची गोष्ट आहे, ती कुठे जाणार आहे?

मग मागचं वर्ष आलं. मी आता राऊंड ऑफिसर आहे, म्हणजे काही गावं आणि त्यांच्या आजूबाजूचं जंगल माझ्याकडे असतं, लोक राऊंडसाहेब म्हणतात. माझ्या राऊंडमध्ये एक वाघ माणसांवर येऊ लागला. का, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. खातं एक सांगतं, गाव दुसरं सांगतं, टीव्हीवाले तिसरंच. पावसाळ्यात त्याने एका गुराख्याला नेलं. तो पहिला नव्हता, पण तो माझ्या रोजच्या ओळखीचा होता. वाटेत भेटला की तंबाखू मळत पुढच्या नाल्याला पाणी किती आहे ते सांगायचा, आणि माझ्या जीपच्या ड्रायव्हरला उगीच चिडवायचा. लोकांनी डबे वाजवत सगळं रान शोधलं, आणि शेवटी त्याला आणायला मी पुढे गेलो. त्या दुपारबद्दल मी बायकोलाही नीट सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. परत आलो तेव्हा गावाने जीप अडवली होती. "तुमचा वाघ हाये ना? मंग तुमी काऊन नाई सांभाळत?" एक म्हातारा माझ्या अगदी समोर उभा राहून म्हणाला, "तुमी गाडीनं फिरता साहेब. आमी पायी फिरतो." त्यात खोटं काय होतं?

तिथून वाघ पिंजऱ्यात पडेपर्यंतचे सगळे महिने मी नुसत्या कानांनी काढले. माकड खाकरलं की थांब. चितळ ओरडलं की थांब. पाखरं एकाएकी गप्प झाली तर जास्तच थांब. घरी जेवताना पंखा बंद करायला लावायचो, कारण पंख्याच्या आवाजात बाहेरचं ऐकू येत नसे. बाहेर काय होतं? शेजाऱ्यांची गाय आणि नळावरच्या बायका. बायकोने दोन-तीनदा समजावलं, मग गुपचूप पंखा बंद करून वहीने वारा घालत जेवू लागली. हिवाळ्यात वाघाला बेशुद्ध करून पिंजऱ्यातून नेलं. वरच्या साहेबांनी पाठ थोपटली, लोकांनी नारळ फोडला, सगळे म्हणाले सुटलो एकदाचे. मीही म्हणालो. सुट्टी टाकली, आंघोळ करून बसलो, गिटार काढली, एक तार छेडली, आणि लगेच तिच्यावर तळहात ठेवून ती बंद केली.

पुन्हा छेडली, पुन्हा हात. चाचा, तार वाजत असते तोवर दुसरं काही ऐकू येत नाही. वाजवणाऱ्याला तेच तर हवं असतं, आणि मला नेमकं तेच सोसेना. तार वाजते आहे आणि तिच्या पलीकडे काहीतरी चालत येतं आहे, असं वाटायचं. हे कुणाला सांगणार? राऊंडसाहेब वाघाला भ्याला नाही आणि गिटारला भ्याला, असं झालं असतं. म्हणून मी सांगत सुटलो की मूड नाही. बायको गिटार पुसून खाटेवर समोर ठेवायची, मी काहीतरी निमित्त काढून अंगणात जायचो. शेवटी ती म्हणाली, "मूड का पोस्टानं येते? वाट पाहून राह्यले नुसती." एका मित्राने डोळे मिटून श्वास मोजायला सांगितलं. मी डोळे मिटले की कान आणखी उघडायचे. बोटांचे घट्टे मऊ पडले. फेब्रुवारीत मी ठरवून टाकलं की गिटार बायकोच्या शाळेला देऊन टाकू, निदान पोरं तरी वाजवतील. तुमची वस्तू, चाचीने माझ्या हातात दिलेली, आणि मी ती देऊन टाकायला निघालो होतो. मला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त सुटका वाटत होती. बायको एवढंच म्हणाली, "मोह सरू द्या. मंग देऊ." मोहाचा आणि गिटारचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. तिलाही माहीत नसणार, तिला फक्त दिवस काढायचे होते.

आणि मोह आला. एक वाघ नेला म्हणून जंगल काही रिकामं होत नाही, आणि वाघ आहे म्हणून मोह काही झाडावर थांबत नाही. पहाटे फुलं गळतात, ती ऊन चढायच्या आत वेचायची. खाली वाकलेलं, बसलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही, म्हणून आम्ही बायकांना सांगतो की एकटीने जाऊ नका, घोळक्याने जा आणि आवाज करत राहा. तसं सांगायची गरज कधी पडत नसे. या झाडाखालून त्या झाडाखाली गाणी चालायची, एकीने दुसरीच्या नवऱ्याला चिडवायचं, दुसरीने तिच्या सासूला धरायचं, दोन कोसांवरून कळायचं की बायका मोहावर आल्या. यंदा मात्र त्या घोळक्यात गुराख्याची बायको होती. वर्ष सरलेलं नव्हतं. दुखवट्यातल्या माणसासमोर त्या गावात गाणं म्हणत नाहीत, म्हणून कुणीच तोंड उघडेना. मोबाईलवर लावलं तरी ते गाणंच. नुसतं बोलावं तर बोलणं फिरून फिरून त्या माणसावरच यायचं आणि तुटायचं. एकीने डबा वाजवला, तर ती बाई हातातली फुलं टाकून खाली बसली. तिच्या नवऱ्याला शोधताना डबेच वाजवले होते. डबा परत कुणी उचलला नाही. मी आणि आमचा बीटगार्ड काठ्या घेऊन कडेला उभे, आणि एवढ्या बायका एवढ्या जंगलात मुकाट वाकलेल्या. त्या शांततेत माझे कान फुटायची वेळ आली होती.

असे काही दिवस गेले. एका सकाळी ती बाईच टोपली बाजूला ठेवून माझ्यापुढे आली. कसल्याशा कागदावर सही करायला ती एकदा क्वार्टरवर येऊन गेली होती, तेव्हा तिने खाटेवरची गिटार बघितली होती. म्हणाली, "राऊंडसाहेब, तुमच्या घरी ते तारेचं हाये ना, ते घेऊन या उद्या. त्यात शब्द नाई, ते चालन."

मी म्हणालो, "मी वाजवत नाई आता, बाई."

"काऊन?"

"जमत नाई."

"आमाले गानं चालत नाई, तुमाले वाजवनं जमत नाई. मंग का वाघालेच गा म्हनाचं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि पदर तोंडावर घेतला. त्या मोसमातलं ते पहिलं हसू. मी म्हणालो, बेसूर होईल. "होऊ द्या ना जी," ती म्हणाली, "बेसूर असन तर जनावर आखीन दूर पळन. माह्यामुळं या साऱ्या मुक्या झाल्या. उद्या कोनाले काही झालं त मी कोनाले तोंड दाखवू?" हे तिने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. मग टोपली उचलून पुन्हा झाडाखाली गेली. तिला नाही म्हणायची माझी टाप नव्हती, चाचा. ज्या बाईने सगळ्यात जास्त गमावलं तीच बाकीच्यांची काळजी करत होती, आणि मी माझे कान कुरवाळत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी पोचलो. तारा गंजलेल्या, बोटं लोण्यासारखी. एका मोठ्या मोहाच्या बुंध्याशी दगडावर बसलो, मखमलीचा पट्टा खांद्यावर घेतला आणि तुम्ही सगळ्यात आधी दाखवलेले दोन कॉर्ड धरले. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून परत पहिल्यात. आवाज असा की तुम्ही दुकानाचं शटर ओढून घेतलं असतं. पाच-सात वेळा हात फिरला आणि मला झाडीत काहीतरी ऐकल्यासारखं झालं. तळहात आपोआप तारांवर पडला.

"काऊन थांबले जी?" बाईने वाकल्या वाकल्याच विचारलं.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा थोड्या वेळाने हात पडला. पुन्हा तीच हाक. तिसऱ्यांदा आमचा बीटगार्ड जवळ आला. माझ्याहून वयाने मोठा, रिटायरमेंटला आलेला माणूस. हळूच म्हणाला, "साहेब, ऐकाचं माह्यावर सोडा ना. मी कायले उभा हावो इथी?" मी त्याच्याकडे बघितलं. काठी टेकून, मान जराशी कलती करून तो उभा होता. तो रोजच तसा उभा असायचा. मागचे सगळे महिने माझ्याबरोबर तोही तितकंच ऐकत होता, आणि मला वाटत होतं की सगळ्यांच्या वाटचं मी एकटाच ऐकतो आहे. मी मान खाली घातली आणि वाजवत राहिलो. मी इतके महिने ज्या आवाजाला भीत होतो, त्याच आवाजाच्या भरवशावर त्या बायका निवांत फुलं वेचत होत्या, हे माझ्या डोक्यात हळूहळू शिरलं. ऊन अंगावर आलं, टोपल्या भरल्या, आणि बोटांच्या टोकांतून रक्त यायचं तेवढं बाकी होतं. घरी आल्यावर बायकोने बोटं बघितली आणि हळद लावली. जेवताना तिचं तोंड मात्र फार खूष दिसत होतं.

मग रोजचंच झालं. मी म्हणायचो, मूड आला की वाजवू. इथे मूडला कुणी विचारतच नव्हतं. फुलं गळली की जायचं, गेलं की वाजवायचं. फोड आले, फुटले, कातडी जाड झाली. एका रविवारी वडशाला जाऊन नव्या तारा आणल्या. पूर्वी त्या तुम्ही नागपूरहून मागवायचात, आता मोबाईलच्या दुकानात लटकतात. बायकांना माझे वाजवायचे प्रकार ओळखू येऊ लागले. एक म्हणायची, "ते कालचं लावा ना, भात शिजल्यावानी वाजते ते." मला ते काय ते कळायचं, आणि मी तेच वाजवायचो. कधी हात सैल पडून काहीतरी नखरेल निघायला लागलं की तुमचा उलटा केलेला झगा आठवायचा. ऐकणाऱ्यांचं लक्ष फुलांवर पाहिजे, माझ्यावर नको. इतक्या वर्षांनी अस्तराचं काम मिळालं होतं आणि ते मला मनापासून आवडत होतं. एका संध्याकाळी घरी, कुणी सांगितलं नसताना, मी व्हरांड्यात गिटार घेऊन बसलो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आत पंखा चालू आहे आणि तो मला ऐकूच आलेला नाही. गिटार शाळेला द्यायचा विषय त्यानंतर बायकोने काढला नाही, आणि मी तर नाहीच.

आता जे सांगतो ते मुख्य. गेल्या आठवड्यात, मोह सरत आला होता, झाडाखाली फुलं विरळ झाली होती. मी त्याच दोन-तीन कॉर्डांत फिरत होतो. मध्येच मला वाटलं की माझ्या आवाजात आणखी एक आवाज मिसळतो आहे. गुराख्याची बायको गुणगुणत होती. तोंड मिटलेलं, शब्द नाहीत, हात फुलांवर. ती रोवण्याची चाल होती, धान रोवताना बायका म्हणतात ती. तिलाही बहुतेक कळलं नसावं की आपण गुणगुणतो आहोत. बाकीच्या बायकांचे हात थांबले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग सगळ्यांचे हात पुन्हा चालू लागले, जरा हळू, फुलांचाही आवाज होऊ नये अशा बेताने. तिचा सूर माझ्या सुरापेक्षा खाली होता. मी बोटं सरकवली, चुकलो, पुन्हा सरकवली. तुम्ही म्हणायचात, गाणाऱ्याला आपल्याकडे ओढायचं नाही, आपण उठून त्याच्याकडे जायचं. मी गेलो, चाचा. एका तारेवर, अगदी हळू, तिच्या खाली जाऊन बसलो. किती वेळ ते चाललं, सांगता येणार नाही. माझे डोळे भरून आले होते आणि समोरची झाडं नीट दिसत नव्हती, पण हात बरोबर जागी पडत होता. मग ती आपणच थांबली, पदराने तोंड पुसलं, आणि शेजारणीला म्हणाली, "तुही टोपली काऊन रिकामी दिसते? नुसती ऐकून राह्यली का?" आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

मला आनंद झाला, एवढं साधं आहे ते. वाजवताना मला पुन्हा आनंद होतो. हे सांगायला तुमच्यासारखं दुसरं कुणी नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणेल, मी केव्हाची पाहून राह्यली.

हे पत्र टाकायला पेटी कुठली आणि पत्ता कुठला, तेव्हा घडी करून ठेवून देईन आणि थोड्या दिवसांनी कुठे ठेवलं ते विसरेन. आज सकाळी वरून फोन आला की आता मोह सरला, बायका थोड्याच उरल्या आहेत, त्यांच्याबरोबर बीटगार्ड एकटा पुरे, तुम्ही उद्यापासून पाणवठ्यांची कामं बघा, ऑफिसची वेळ सकाळी दहाची. मी हो म्हणालो. बायकोला मात्र मघाशी शाळेत फोन करून सांगितलं की उद्या पहाटे लवकर निघायचं आहे, ड्युटी आहे, उठवशील. ती म्हणाली, चहा ठेवीन. तुम्ही हे कुणाला बोलू नका, चाचा. उद्या पहाटे माझी कसलीही ड्युटी नाही.